आजारपणातला रोजा आणि अम्मीचं ताट

मानसरोवर स्टेशनातून मुंबईच्या दिशेनं गाडी धरली की पुढचंच स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. त्यामुळे किमो, शेक, फाईल हे शब्द कामोठ्यात परके नाहीत. रमजान आला की अशा मुस्लिम घरात एक वाद ठरलेला. किमो चालू असलेली अम्मी म्हणते, “आजवर एक रोजा चुकला नाही, आता कसा चुकवू?”

धर्माची बाजू खरं तर साफ आहे. कुराणातल्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज झाले, तिथेच आजारी माणसाला सवलत दिली आहे. बरं झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढायचे. बरं होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदिया म्हणतात.

डॉक्टरांची बाजूही तितकीच साफ. अमेरिकेत १९८० साली ३,०४७ कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमो सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन घटलं होतं, ते बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत कमी काळ जगले. आता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर तो धोक्याचा इशारा मानतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो! एरवी आपण त्याला ‘बारीक झालास, छान’ म्हणतो.

वजन घटण्यामागे पुष्कळदा आजाराचा जोरही असतो, त्यामुळे नुसतं खाऊ घालून गाठ विरघळत नाही, हे खरं. पण या आजारात शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं. अशक्त माणसाला किमो झेपत नाही, मात्रा कमी करावी लागते, तारखा पुढे जातात. ‘उपाशी ठेवा, गाठ मरेल’ असले मोबाइलवरचे सल्ले म्हणूनच घातक.

साठ किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण साठ ते नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात. तोंडाच्या कर्करोगात शेकामुळे तोंड सोलवटलेलं असतं, घास उतरत नाही. तिथे इफ्तारची तिखट भजी कामाची नाहीत. खिचडा मात्र कामाचा: गहू, डाळी आणि गोश्त, कमी मसाल्याचा, मिक्सरमधून काढलेला. जोडीला अंडं, दही, दुधात भिजवून वाटलेले खजूर. मधुमेह असेल तर खजूर विचारूनच. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर गाडीवरची कापलेली फळं नकोत.

एकदम ताटभर नाही जात. दोन-दोन तासांनी वाटीभर जातं, आणि ते दिवसाउजेडीच द्यावं लागतं. अडतं ते लाजेपाशी. घरात सगळ्यांचे रोजे, म्हणून कितीतरी आजारी बाया स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून चार घास खातात आणि अर्ध्यावर उठतात. काही घरांनी यावर साधा उपाय केला आहे. दुपारची वाटी घेऊन रोजा असलेलं कुणीतरी अम्मीजवळ बसतं, ती संपेपर्यंत उठत नाही.