मैदानही लहान, कॅमेराही लहान

वस्तीतल्या फुटबॉलमधून कॅमेरा शिकवता येतो. नैरोबीनं ते करून दाखवलं. नागपूरनं त्यातला अर्धा रस्ता पार केला. अमरावती आणि अकोल्याला पुढचा अर्धा चालता येईल.

एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेला, की दुपारी मैदानावर चिटपाखरू नसतं. वस्तीतले पोट्टे चेंडू बाहेर काढतात ते सकाळी लवकर, नाहीतर उन्हं कलल्यावर. छायाचित्रकार ज्या उजेडाची वाट बघतो, तो नेमका याच दोन वेळांना मिळतो. ऊन तिरपं असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत आणि पायांनी उडवलेली धूळही उजळून निघते. खेळाची आणि चांगल्या उजेडाची वेळ इथे आपसूक जुळते. शाळा सुटलेल्या, परिस्थितीनं मागे राहिलेल्या मुलामुलींना फुटबॉलच्या निमित्तानं छायाचित्रण आणि व्हिडिओ शिकवायचा, तर वऱ्हाडात वेळापत्रक नव्यानं आखावं लागणार नाही.

नैरोबीतली ३१ मुलं

ही कल्पना नवी नाही. केनियाच्या नैरोबी शहरात मथारे ही प्रचंड झोपडवस्ती आहे. तिथे १९८७ साली ‘मथारे यूथ स्पोर्ट्‌स असोसिएशन’ सुरू झाली. तिचा एक नियम गाजला: संघानं वस्तीतला कचरा उचलला, तर त्याचे गुण थेट फुटबॉल लीगच्या तक्त्यात जमा होतात. याच संस्थेत १९९७ मध्ये छायाचित्रकार लाना वाँग आणि तिथलाच फुटबॉलपटू फ्रान्सिस किमांझी यांनी ३१ मुलामुलींच्या हाती स्वस्तातले प्लॅस्टिकचे कॅमेरे दिले. मुलांनी स्वतःची घरं, गल्ल्या आणि मित्र टिपले. त्या छायाचित्रांचं ‘शूटबॅक’ हे पुस्तक १९९९ मध्ये निघालं. किमांझी पुढे केनियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

हे काम फुटबॉल संस्थेतच का जमलं? कॅमेऱ्याचा वर्ग वेगळा काढला, की पहिल्या आठवड्यात गर्दी होते आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं गळतात. संघाचं तसं नसतं. तिथे रोज यायची सवय असते, हजेरी असते, उशीर झाला तर बाकावर बसावं लागतं. मुलीला मैदानावर पाठवायला तयार झालेली आई प्रशिक्षकाला ओळखत असते. हा विश्वास उभा राहायला वर्षं लागतात. कॅमेरा शिकवणाऱ्याला तो आयता मिळतो.

नागपूरचा अर्धा रस्ता

आपल्याकडचं सर्वांत जवळचं उदाहरण नागपूरचं. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं दिसली आणि त्यातून २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. त्याचीच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली. या संस्थेनं भारताचे संघ बेघरांच्या विश्वचषकात उतरवले. २०१६ मध्ये तिला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि ही गोष्ट देशभर पोहोचली. अमिताभ बच्चन यांच्यासोबत त्यात नागपूरच्या वस्त्यांमधली मुलं पडद्यावर आली. कॅमेऱ्यापुढे ती सहज वावरली. कॅमेऱ्यामागे मात्र अजून जायचं आहे. तिथं गेल्यानं काय होतं, याचं उत्तर खुद्द मंजुळे यांच्या प्रवासात आहे. करमाळा तालुक्यातला हा मुलगा अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकला. शिकतानाच त्यानं ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्याच ‘फँड्री’ चित्रपटाच्या शेवटी जब्या या मुलानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. तशी चौकट सुचायला ते आयुष्य आतून माहीत असावं लागतं, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा हेही कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

मोबाइलला झेपणारं मैदान

महागडा कॅमेरा नाही, म्हणून अडून बसायचं कारण नाही. मोबाइलचं मुख्य भिंग रुंद दृश्य टिपतं. शंभर मीटरच्या मैदानावर पलीकडच्या टोकाचा खेळाडू त्यात मुंगीएवढा दिसतो आणि बोटांनी झूम केलं, की चित्र फुटतं. बेघरांच्या विश्वचषकाचं मैदान मात्र २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. एका संघाचे चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. वस्तीतला रिकामा प्लॉट साधारण तेवढाच भरतो. एवढ्या अंतरात साधा मोबाइलही चेहऱ्यावरचा घाम पकडतो.

पहिला धडा जागेचा. गोलच्या मागे, जरा तिरकं, गुडघ्यावर बसायचं. खेळाडू समोरून येतो, त्यामुळे पाठ न दिसता चेहरा दिसतो. दुसरा धडा वेगाचा. धावता पाय गोठवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान हवं. अंधारून आलं, की मोबाइल आपणहून शटर मंदावतो आणि पाय पुसट होतात. अशा वेळी खेळाडूबरोबर मोबाइल फिरवत नेला, तर माणूस स्पष्ट राहतो आणि मागची भिंत वेगानं पळते.

तिसरा धडा अंदाजाचा, आणि तो खेळाडूला आधीच येत असतो. चेंडू कुठे आहे हे सगळेच बघतात, तो कुठे येणार हे खेळणारा ओळखतो. बोट तेव्हाच दाबायचं असतं. चौथा व्हिडिओचा: संपूर्ण मैदान, एक खेळाडू, पाय आणि चेंडू, मग बाकावरच्या मुलांचे चेहरे. या चार दृश्यांतून अर्ध्या मिनिटाची गोष्ट उभी राहते आणि संकलन मोबाइलवरच होतं.

वऱ्हाडाची शिदोरी

यासाठी लागणारं बरंचसं अमरावतीत आधीच आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. क्रीडाशिक्षक घडवण्याची ती परंपरा आजही चालू आहे. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्रही अमरावतीत २०११ मध्ये आलं. एकाकडे मैदान आणि शिक्षक आहेत, दुसऱ्याकडे माध्यमांचे विद्यार्थी. शनिवारची एक संध्याकाळ दोघांनी वाटून घेतली, तरी सुरुवात होते. मग असाच वर्ग अकोल्यातही भरवता येईल.

पोटापाण्याचा रस्ताही दूरचा नाही. लग्नसराईत शूटिंगवाल्याला हाताखाली पोरं लागतात: दुसरा कॅमेरा धरायला, दिवे लावायला, नंतर मिक्सिंगला. जयंतीची मिरवणूक, गणेश विसर्जन, शाळेचं स्नेहसंमेलन, दुकानाच्या जाहिरातीचा छोटा व्हिडिओ, ही कामं गावातल्या गावात मिळतात. पळता खेळाडू चौकटीत धरता येणाऱ्याला वरातीतला नाच अवघड जात नाही.

नाव कोणाचं?

शिकवण्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. पहिली संमतीची. मुलीचा खेळतानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर जाण्याआधी तिला आणि घरच्यांना विचारायचं. त्यांनी नको म्हटलं, तर तो पुसायचा. निरीक्षणगृहातल्या किंवा बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदीच आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. मुलांनी काढलेली छायाचित्रं संस्थेच्या अहवालात, देणगीच्या पत्रकात झळकतात आणि खाली नाव असतं संस्थेचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. वय, घर, शिक्षण यांची अट त्यात नाही. तेव्हा वर्गाच्या पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यावं, की छायाचित्र छापलं तर खाली मुलाचं नाव येईल आणि विकलं गेलं तर पैसे त्याच्या खात्यात जातील. एवढं पाळणारा वर्ग मुलांना कॅमेऱ्याबरोबर आपल्या कामाचा हक्कही शिकवेल.