गिटारच्या पोटातलं नाव

जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार तुम्ही पाहिलीच असेल. तिचं लाकूड बहुधा भरीव असतं. मग आवाज येतो कुठून?

तारांखाली लोहचुंबकाचे छोटे खुंट असतात, त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. विहिरीवरची मोटार जळाली की रिवाइंडिंगवाला कॉइल भरतो ना, तसंच, पण फार नाजूक. ह्याला पिकअप म्हणतात. जाड आवाजाच्या बास गिटारलाही तेच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे फेंडर कंपनीचा कारखाना होता. १९५० नंतरच्या दहा वर्षांत तिथे पिकअप भरायच्या कामावर बायका होत्या. यंत्र नुसतं फिरायचं. तार बोटांत धरून मागेपुढे सरकवायची ती बाईने. वेढे एकसारखे पडत नसत, म्हणून प्रत्येक पिकअपचा आवाज किंचित निराळा. अबिगेल इबारा तिथे १९५६ साली लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. पुढे त्यांच्या सहीचे पिकअप लोक मुद्दाम शोधून घेऊ लागले.

त्या काळातल्या बऱ्याच गिटारींच्या पोटात चिकटपट्टीचा तुकडा सापडतो. त्यावर हाताने लिहिलेली तारीख आणि नाव: मेरी, ग्लोरिया. बाहेरून काही दिसत नाही, स्क्रू काढून उघडावं लागतं. जुन्या गिटारी जमवणारे आज ती पट्टीही बघतात, कारण वस्तू अस्सल असल्याची ती एक खूण.

१९५४ साली अडीचशे डॉलरच्या आत मिळणारी स्ट्रॅटोकास्टर, काही न बदललेली असेल, तर आज लाखो रुपयांना जाते. नुसता रंग बदललेला असला तरी किंमत जवळपास निम्मी होते. पूर्वी वाजवणाऱ्यांनी लाकूड कोरून दुसरे पिकअप बसवले. तेव्हा ती फक्त जुनी गिटार होती, त्यांना दोष कसा द्यायचा? आता जाणकार नवं भोक पाडत नाहीत, काढलेला पिकअप आणि स्क्रूसुद्धा पुडीत जपून ठेवतात.

हा पैसा विकणाऱ्याचा. मेरीला मिळाला तो तेव्हाचा पगार.

आमच्या गटाचे पापड दोन वर्षं एका व्यापाऱ्याच्या पिशवीत, त्याच्याच नावाने विकले गेले. आता प्रत्येक पाकिटात आम्ही चिठ्ठी घालतो: गटाचं नाव, लाटणारीचं नाव, तारीख. व्यापारी कुरकुरला. चिठ्ठी घालणं चालूच आहे.