बसायचे नाही, पडूनही राहायचे नाही

पोट, कंबर, पाठ किंवा मांडीवरची चरबी पोकळ नळीने ओढून काढायची, गाळून स्वच्छ करायची आणि नितंबांत भरायची, अशी ही शस्त्रक्रिया. जगभर ती ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’, थोडक्यात ‘बीबीएल’ म्हणून ओळखली जाते. या नावाशी रिओ द जानेरोतले प्लास्टिक सर्जन इव्हो पितांगी यांचे नाव जोडले जाते. त्यांनी १९६०च्या दशकात केलेले काम मात्र कातडी आणि चरबी कापून आकार देण्याचे होते, चरबी भरण्याचे नव्हे.

ऑपरेशननंतर रुग्णाच्या अंगावर दोन तऱ्हेच्या जखमा असतात आणि दोघींच्या मागण्या उलट्या असतात. जिथून चरबी काढली तिथे आत पोकळी राहते. ती चिकटावी, तिच्यात पाणी साचू नये म्हणून बाहेरून दाब हवा असतो. जिथे चरबी भरली तिथे दाब अजिबात चालत नाही. म्हणून या रुग्णांसाठीचा घट्ट पोशाख कंबर-पोट आवळून धरतो, पण नितंबांवर सैल किंवा उघडा असतो. तो साधारण सहा आठवडे वापरायला सांगतात. पहिले एक-दोन दिवस टाक्यांच्या जागांतून गुलाबीसर पाणी झिरपते. ते निव्वळ रक्त नव्हे. चरबी काढण्याआधी टोचलेला द्रव त्यात बराचसा असतो. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर शोषून घेणारे पॅड अंथरून ठेवले की घरचे घाबरत नाहीत.

बसू नका, असे का सांगतात? भरलेल्या चरबीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पहिले काही दिवस ती आजूबाजूच्या पेशींतून पाझरणाऱ्या प्राणवायूवर तग धरते आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात अंगाचा सगळा भार तिथे पडला तर रक्तपुरवठा रोखला जातो आणि चरबी मरते. एवढे करूनही भरलेल्यातला बराच भाग शरीर शोषून घेतेच. सर्जन ते गृहीत धरूनच चरबी भरतात.

म्हणून निदान दोन आठवडे पालथे किंवा कुशीवर झोपायचे. दवाखान्यातून घरी येतानाही गाडीच्या मागच्या सीटवर पालथे पडूनच यावे लागते. त्यानंतर बसताना कडक उशी मांड्यांखाली घ्यायची, अशी की नितंब तिच्या मागे अधांतरी राहतील आणि भार मांड्यांवर येईल. कमोडवर थोडा वेळ बसायला सहसा हरकत नसते. मांडी घालून जमिनीवर बसणे मात्र सर्जनने मोकळीक देईपर्यंत विसरावे. नेमके किती दिवस, यावर सर्जनांचे एकमत नाही. कोणी दोन आठवडे सांगतो, कोणी आठ. आणि या आकड्यांमागे भक्कम संशोधनापेक्षा अनुभवच जास्त आहे. बसण्याच्या नियमाने वाचते ती चरबी. जीव वाचवणारे नियम वेगळे आहेत, आणि रुग्णांचे लक्ष नेमके तिकडेच कमी असते.

पहिला नियम चालण्याचा. लांबलेले ऑपरेशन, भूल, त्यानंतर पालथे पडून राहणे, यामुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर रुग्ण दगावू शकतो. ‘बसायचे नाही’ याचा अर्थ बरेच जण ‘अंथरुणातून उठायचे नाही’ असा लावतात. तो चुकीचा आणि घातक. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात धरून घरातल्या घरात फेऱ्या सुरू कराव्यात, आणि पुढे जागेपणी दर एक-दोन तासांनी उठावे. पाणी भरपूर प्यावे. गुठळी टाळण्याचे इंजेक्शन लागेल का, हे सर्जन ठरवतो. सिगारेट आणि तंबाखू ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

दुसरा धोका चरबीच्या गुठळीचा, आणि त्याला घरची काळजी पुरत नाही. नितंबाच्या स्नायूत मोठ्या शिरा असतात. नळी खोल गेली आणि शीर फाटली तर चरबी थेट हृदयाकडे आणि फुप्फुसात पोहोचते. हे बहुधा टेबलावर किंवा पुढच्या काही तासांत घडते. २०१७ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या एका पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे तीन हजारांत एक इतके निघाले. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला ते फार आहे. ब्रिटनमधील सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१८ मध्ये सदस्यांना हे ऑपरेशन थांबवायला सांगितले. २०२२ मध्ये परवानगी दिली ती चरबी फक्त कातडीखालच्या थरात आणि अल्ट्रासाउंडच्या नजरेखाली भरण्याच्या अटीवर. अमेरिकेत फ्लोरिडाने हीच अट २०२३ मध्ये कायद्यात घातली.

स्वस्तात होते म्हणून परदेशी जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नोंदीनुसार २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकी नागरिक दगावले. तपशिलात तपासलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक चरबीच्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांनी झाले होते. ऑपरेशननंतर लगेच विमानात तासन् तास बसणे म्हणजे चरबीवर दाब आणि पायात गुठळीला आमंत्रण. म्हणून किमान आठ-दहा दिवस सर्जनच्या जवळपास राहावे आणि त्याने तपासल्यावरच निघावे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ऑपरेशन केलेल्या काही रुग्णांना क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एका जंतूचा संसर्ग झाला. तो आठवड्यांनी डोके वर काढतो, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि ऑपरेशनची हकीकत सांगितली नाही तर गावच्या डॉक्टरला सुचतही नाही.

अचानक दम लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा शुद्ध हरपणे, यात सर्जनच्या फोनची वाट पाहू नये. सरळ रुग्णालय गाठावे. एकाच पोटरीला सूज आणि कळ, ताप, वाढत जाणारी लाली, दुर्गंधीचा स्राव, यांनाही त्याच दिवशी डॉक्टर हवा.

बाकीचे बहुतेक आपोआप ओसरते. काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत हिरवे-पिवळे होऊन जातात, बधिरपणाला महिने लागतात. व्यायामशाळा सहा आठवड्यांनी. सूज उतरताना ‘सगळी चरबी गेली’ असे वाटून रुग्ण हिरमुसतात, पण खरा आकार सहा महिन्यांच्या सुमारास कळतो. ही चरबी अंगातल्या इतर चरबीसारखीच वागते. वजन घटले की तीही घटते. कधीकधी महिन्यांनंतर आत कडक गाठ हाताला लागते. ती बहुतेक वेळा मेलेल्या चरबीची किंवा तेलाच्या पिशवीची असते, तरी सोनोग्राफी करून खात्री करून घेतलेली बरी.