भोरडीचा जमाखर्च

शेतकऱ्याची नजर वर्षभर आभाळाकडे असते. पण ती ढगासाठीं, पाखरांसाठीं नव्हे. पाखराकडे आपण पाहतों तें हातांत गोफण घेऊन. शाळू हुरड्यास आला म्हणजे माळा उभारावा, दिवस उगवल्यापासून हाकारे घालावे, आणि कणसें खळ्यावर येऊन पडलीं कीं पाखरूं मनांतून जावें, हा आपला नेहमींचा रिवाज. वस्तुतः पाखरांची खरी ओळख करून घेण्याचे दिवस तेथूनच पुढें, म्हणजे फाल्गुन-चैत्रांत, सुरू होतात.

गेल्या फाल्गुनांत इंदापूर तालुक्यांतील एका वस्तीवरून आम्हीं पांचसहा शेतकऱ्यांनीं केवळ पाखरें पाहण्यासाठीं सकाळची फेरी काढली. उजाडण्यापूर्वीं निघालों व नऊच्या सुमारास परतलों. बरोबर एक दुर्बीण व एक वही एवढेंच साहित्य होतें. ओढ्याकांठीं पळस फुलला होता व त्यावर भोरड्यांचा मोठा थवा उतरला होता. आमच्यांतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "हेच ते चोर. माझा पायलीभर शाळू यांच्या पोटांत आहे." आम्हीं दुर्बीण त्यांच्याच हातीं दिली. काळें डोकें, काळे पंख, मध्यें गुलाबी अंग, आणि फुलांत चोंच खुपसून खुपसून कपाळास लागलेले पराग! बराच वेळ पाहून ते म्हणाले, "इतक्या वर्षांत हें पाखरूं मीं धड पाहिलेंच नव्हतें."

भोरडीच्या खात्यांतील नांवेची बाजू खोटी नाहीं. पावसाळा सरतांना ती आपल्याकडे येते, आणि शाळूंत दाणा भरला कीं तिचे थवे हजारोंच्या संख्येनें कणसांवर उतरतात. राखण नसलेल्या शेताचें नुकसान डोळ्यांदेखत होतें. परंतु जमेची बाजूही पाहिली पाहिजे. ती नाकतोडे व इतर किडे खाते. पळस, पांगारा व सांवर यांच्या फुलांतील मध पितांना ती परागांची नेआण करते. चैत्र संपण्याच्या सुमारास ती आपला देश सोडून मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांत जाते, तेथें दगडांच्या कपारींत घरटीं करते, व पिलांस टोळ आणि नाकतोडे भरवून वाढविते. चीनमधील शिंजियांग प्रांतांत तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पाखरांसाठीं मुद्दाम दगड रचून घरट्यांची सोय केलेली आहे. म्हणजे आपण जिला चोर म्हणतों, तीच दुसऱ्या मुलखांत राखणदार ठरली आहे. तेव्हां कोणत्याही पाखराचा निवाडा एका महिन्याच्या हिशेबावर करूं नये. पिकावरून त्यास हाकलावें. पण विष घालून मारूं नये.

त्याच फेरींत आणखी पांच पाखरें वहींत नोंदलीं गेलीं. नीलपंख विजेच्या तारेवर बसून जमिनीवरील किड्यांवर झेप घेत होता. वेडा राघू ओढ्याच्या दरडींत बीळ कोरीत होता. तांबट उंबराच्या वाळक्या फांदींत भोंक पाडीत होता. चिंचेच्या ढोलींतून पिंगळा आमच्याकडे डोळे वटारून पाहत होता. लोक यास अपशकुनी मानतात, पण उंदीर व किडे हें त्याचें अन्न आहे. नांगरलेल्या रानांत टिटवीचीं चार अंडीं ढेंकळांच्या रंगाशीं अगदीं मिळून गेलेलीं होतीं.

यांतील बहुतेकांचें घर आपण निरुपयोगी समजतों अशा जागीं आहे. दरड छाटून वीतभर जमीन वाढवावी, वाळकी फांदी सरपणास न्यावी, पोकळ झालेलें झाड विकून टाकावें, असें आपणांस वाटतें. पण त्याबरोबर कीड व उंदीर खाणारा बिनपगारी गडीही शेतांतून जातो. टिटवीसाठीं तर ट्रॅक्टर हातभर वळवून घेणें पुरेसें असतें. सुमारें चार आठवड्यांत अंड्यांतून पिलें निघतात व लवकरच चालूं लागतात.

न पाहण्याची किंमत काय पडते, हें गिधाडांवरून कळतें. पूर्वीं मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकलें कीं घटकाभरांत गिधाडें जमत. १९९० नंतर तीं झपाट्यानें कमी झालीं. पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं ९९ टक्क्यांहून अधिक नाहींशीं झालीं. त्याचें कारण २००४ च्या सुमारास सिद्ध झालें. जनावरांस वेदनाशमनासाठीं टोंचलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मृत जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत जाई व त्याचें मूत्रपिंड निकामी करी. टोंचणाऱ्याचा हेतु दयेचाच होता. पण सुई आपल्याच गोठ्यांतली होती. जनावरांसाठीं त्या औषधावर २००६ सालीं बंदी आली. २०२३ सालीं किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक ठरलेलें औषध आहे; गुरांच्या डॉक्टरांकडे त्याचाच आग्रह धरावा.

आपल्या राज्यांत ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह पाळतात. त्याचा आरंभ मारुती चितमपल्ली यांच्या व शेवट सलीम अली यांच्या जन्मदिनीं होतो. हा उपक्रम उत्तम आहे; परंतु पाखरांचीं घरटीं व पाहुण्यांचें प्रस्थान पाहावयाचें असेल, तर गांवोगांवच्या शेतकरी बंधूंनीं फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दरमहा एक तरी फेरी काढावी. वहींत तारीख, जागा, पाखरांची संख्या व तीं काय खात होतीं हें लिहावें. नांव ठाऊक नसल्यास रंग व आकार लिहावा. तीनचार वर्षांची अशी वही हातीं असली म्हणजे कोणतें पाखरूं कमी होत आहे हें आपणांस वेळींच कळेल, आणि गिधाडांप्रमाणें मागून हळहळण्याची पाळी येणार नाहीं.

फेरींतील त्या वयस्क गृहस्थांनीं गोफण टाकलेली नाहीं, व टाकूंही नये. शाळू राखलाच पाहिजे. परंतु ओढ्याकांठचा तो पळस ते सरपणासाठीं तोडणार होते. तो त्यांनीं राहूं दिला आहे.