मुलांचे शहर (लेखांक ५) : कुंपण नसलेल्या खेळजागा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ॲम्स्टरडॅममधील बहुतेक क्रीडांगणे खासगी मंडळे चालवीत. ती कुंपणाने बंदिस्त असत आणि तेथे सभासदांच्याच मुलांना प्रवेश मिळे. युद्धानंतर महापालिकेच्या नगररचना विभागातील याकोबा मुल्डर यांनी प्रत्येक वस्तीत सर्वांसाठी खुली अशी छोटी खेळजागा असावी हा विचार पुढे आणला आणि तिच्या रचनेचे काम १९४६ मध्ये विभागात रुजू झालेल्या आल्डो फान आइक या तरुण वास्तुरचनाकाराकडे आले. पहिली खेळजागा १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लाइन या चौकात झाली.

तिच्यात साहित्य फारच थोडे होते : रुंद कठड्याचा वाळूचा हौद, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी दांड्या, काही बाके आणि भोवती झाडे. प्राण्यांच्या आकाराची खेळणी फान आइक यांनी कटाक्षाने टाळली, कारण हत्तीच्या आकाराची घसरगुंडी हत्तीच राहते, तर काँक्रीटचा साधा ठोकळा मुलाला हवा तो डोंगर, दुकान किंवा जहाज होऊ शकतो. हौदाच्या कठड्यावरही मुले वाळूच्या मुदी पाडत आणि तिथेच आया टेकत. वस्तूचा उपयोग आधीच ठरवून न टाकण्याची ही रीत म्हणजे मुलांच्या कल्पनाशक्तीवर टाकलेला मोठा विश्वास होता.

त्याहून महत्त्वाची होती जागांची निवड. नीउमार्क्टच्या परिसरातील ज्यू वस्तीतून हजारो रहिवाशांना नाझींनी छळछावण्यांकडे नेले होते आणि १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्या ओस घरांतील तुळया, जिने व दारे सरपणासाठी काढून नेली गेल्याने अनेक घरे कोसळली, त्यामुळे युद्धानंतर घरांच्या ओळींमध्ये भग्न, रिकामे भूखंड उरले होते. इतक्या वेदनादायक रिकामेपणात मुलांना खेळायला जागा देणे ही केवळ नगररचनेची सोय नव्हती. १९५४ मध्ये डाइकस्ट्राटवर दोन इमारतींमधल्या अशाच एका चिंचोळ्या भूखंडावर खेळजागा झाली. एका वस्तीतील खेळजागा पाहून दुसऱ्या वस्तीतील नागरिक आपल्याकडील पडीक जागा दाखवणारी पत्रे महापालिकेला लिहू लागले, आणि शहराचा नकाशा कार्यालयात न ठरता अशा मागण्यांतून भरत गेला. १९७८ पर्यंत खेळजागांची संख्या सातशेच्या पुढे गेली.

यांपैकी बहुतेक खेळजागा आज उरलेल्या नाहीत, कारण पुष्कळ भूखंडांवर पुढे इमारती उभ्या राहिल्या. मात्र त्या असतानाही एक अडचण वाढतच होती : कुंपण नसलेली खेळजागा शेजारच्या रस्त्याच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते, आणि मोटारींची संख्या वाढताच तोच रस्ता मुलांना धोकादायक झाला. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यातून उभे राहिलेले पालकांचे आंदोलन आणि डेल्फ्ट शहरात आकाराला आलेला ‘वोनएर्फ’, म्हणजे पादचारी व खेळणाऱ्या मुलांना वाहनांपेक्षा अग्रक्रम देणारा निवासी रस्ता, यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.