सहीपासून मतापर्यंत

स्वतःच्या नावाची सही करता येणे ही गोष्ट किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतल्या एका वसतिगृहाची कहाणी सांगते. जॉर्जिया राज्यातल्या मिडवे या लहानशा गावात ते आजही उभे आहे.

गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा या राज्यात गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी मिशनरी संस्थेच्या मदतीने इथे शाळा निघाली. तीच पुढे डॉर्चेस्टर अकॅडमी झाली. तिच्या मुलांसाठी १९३४ मध्ये हे वसतिगृह बांधले गेले. १९४० च्या सुमारास सरकारी शाळा आली आणि अकॅडमी बंद पडली.

पण वसतिगृहाचे मोठे काम पुढेच होते. मतदार म्हणून नाव नोंदवायचे, तर दक्षिणेत साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. कृष्णवर्णीयांना वगळण्याची ती युक्तीच होती. १९६१ पासून सेप्टिमा क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी इथे प्रौढांचे वर्ग चालवले. गावोगावची साधी माणसे येत, काही दिवस राहत आणि परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवत. सही करणे, मनिऑर्डरचा फॉर्म भरणे, राज्यघटनेतला उतारा वाचणे, असे ते धडे होते.

जानेवारी १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅमच्या अहिंसक आंदोलनाची आखणी इथेच केली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या त्या परीक्षेला चाप बसला. २००६ मध्ये वसतिगृहाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मुलांसाठी बांधलेल्या या घराने आईबाप आणि आजी-आजोबांनाही विद्यार्थी केले होते!