लंबा पोट्टा आणि एनबीएचा ड्राफ्ट

‘लंबा पोट्टा आहे, एनबीएत जाईल.’ विदर्भातल्या कुठल्याही बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर येतंच. पुसदही त्याला अपवाद नाही. इथली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली की सहा फूट तीन इंचांचा एखादा फॉरवर्ड पाच-सहा रिबाउंड ओढतो, दोन-चार ले-अप घालतो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचं अमेरिकेला जाणं पक्कं होतं. या बोलण्यात कौतुक असतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण कॉलेजचा खेळाडू व्यावसायिक संघांच्या डोळ्यांत भरतो तो कसा, आणि एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू ज्यातून निवडतात तो ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय, याबद्दल आपल्याकडे इतक्या चुकीच्या गोष्टी पसरल्या आहेत की त्यापायी पोरांची ऐन उमेदीची वर्षं वाया जातात.

‘उंची असली की झालं’

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाचं उदाहरण घेऊ. २०१३-१४ च्या हंगामात या एकाच संघात दोन खेळाडू होते. एक सिम भुल्लर, कॅनडात वाढलेला, पंजाबी कुटुंबातला, उंची सात फूट पाच इंच. दुसरा पास्कल सियाकाम, कॅमेरूनहून आलेला, पावणेसात फुटांच्या आसपासचा सडसडीत फॉरवर्ड. त्या हंगामात सियाकाम एकाही सामन्यात उतरला नाही. बास्केटबॉल तर तो किशोरवयाच्या शेवटी शेवटी शिकला होता. त्याआधी तो पाद्री होण्यासाठीच्या शाळेत होता.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये साठ खेळाडू निवडले गेले. भुल्लरचं नाव त्यात नव्हतं. सियाकाम आणखी दोन वर्षं कॉलेजात खेळला. शेवटच्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे वीस गुण आणि अकराहून अधिक रिबाउंड अशी होती. २०१६ मध्ये टोरोंटो रॅप्टर्सनं त्याला सत्ताविसाव्या क्रमांकावर घेतलं. २०१९ मध्ये त्या संघानं विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कार सियाकामला मिळाला.

भुल्लरलाही संधी मिळाली, आणि ती आपल्याला जवळच्या वाटेल अशा माणसाच्या संघात. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत. एप्रिल २०१५ मध्ये किंग्जनं भुल्लरशी दहा दिवसांचा करार केला आणि भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएच्या कोर्टावर उतरला. तो तीन सामन्यांत मिळून जेमतेम तीन मिनिटं खेळला. पुढे त्या लीगमध्ये तो दिसला नाही. उंची दारापर्यंत नेते. आत पाय किती चपळ, दम किती टिकतो, समोरचा चेंडू घेऊन धावत सुटला की त्याला अडवता येतं का, हे पाहिलं जातं.

आणखी एक. आपल्याकडे उंची बूट घालून मोजतात आणि वर एक इंच प्रेमानं वाढवतात. एनबीएनं २०१९ पासून अधिकृत उंची अनवाणी मोजायला सुरुवात केली. ड्राफ्टपूर्वीच्या चाचणीत उंचीच्या जोडीला दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, उभ्यानं हात वर केल्यावरची पोहोच आणि उडी मोजतात. लांब हातांचा साडेसहा फुटी खेळाडू आखूड हातांच्या पावणेसात फुटी खेळाडूला भारी पडू शकतो.

‘ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव’

नाही. लिलावात ज्याचा खिसा मोठा त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच लागत नाही. संघ ओळीनं एकेक खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात जे तळाला राहिले त्यांना साधारणपणे आधी निवडायला मिळतं. मुद्दाम हरून पहिला क्रमांक पटकावण्याचे उद्योग होऊ नयेत म्हणून वरच्या जागांसाठी १९८५ पासून सोडत काढतात. २०१९ मध्ये बदललेल्या नियमानं तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी ठेवली. खेळाडूला संघ निवडता येत नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचा पगारही क्रमांकानुसार ठरलेल्या कोष्टकातून येतो, घासाघीस फारशी नसते.

यात एक गंमत आहे. अमेरिकेबाहेर राहणारा आणि तिथल्या कॉलेजात न खेळलेला खेळाडू ज्या वर्षी बावीस वर्षांचा होतो, त्या वर्षी तो ड्राफ्टला आपोआप पात्र ठरतो. अर्ज नाही, फी नाही. म्हणजे नियमाच्या कागदावर पुसदचा बावीस वर्षांचा फॉरवर्डही त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र असतो. त्यामुळे ‘अमुक मुलगा ड्राफ्टसाठी पात्र ठरला’ अशी बातमी वाचली की लगेच पेढे वाटू नयेत. पात्र असणं वेगळं आणि एनबीएच्या तीसपैकी एखाद्या संघानं विमानाचं तिकीट काढून पाहायला माणूस पाठवणं वेगळं.

‘जो जास्त गुण करतो तो निवडला जातो’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, कारण आपल्या वर्तमानपत्रांत सामन्याची बातमी ‘अमुकचे २४ गुण’ इथेच संपते.

ड्रेमंड ग्रीन हा फॉरवर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात पूर्ण चार वर्षं खेळला. पहिल्या वर्षी, २००८-०९ मध्ये, त्याची सरासरी सामन्यामागे साडेतीन गुणांच्याही खाली होती. चौथ्या वर्षी ती सोळाच्या वर गेली, रिबाउंड दहाच्या वर गेले आणि आपल्या कॉन्फरन्समधला, म्हणजे विद्यापीठ संघांच्या गटातला, सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत खाली आला. साडेसहा फुटी म्हणजे आत खेळायला बुटका, बाहेर खेळायला संथ आणि वरून बावीस वर्षांचा, असा त्याच्याबद्दल बोभाटा होता. ज्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्याला घेतलं, त्यांनीही त्याच रात्री आधी दुसरे दोन खेळाडू निवडले होते. पुढे त्या संघानं त्याच्यासह चार विजेतेपदं जिंकली आणि २०१७ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मग पारखी लोक पाहतात तरी काय? एकच प्रसंग घ्या. प्रतिस्पर्धी गार्ड चेंडू घेऊन येतो. त्याचा उंच साथीदार आपल्या गार्डच्या वाटेत स्क्रीन लावून उभा राहतो. आपला गार्ड तिथे अडकतो. आता त्या उंच साथीदारावर लक्ष ठेवून असलेल्या आपल्या फॉरवर्डनं क्षणात ठरवायचं असतं: चेंडूवाल्यासमोर जायचं, मागे राहून रिंग सांभाळायची, की दोघांच्या मध्ये थांबून गार्ड सुटून येईपर्यंत वेळ काढायचा? तो बोलतो का, की गप्प उभा राहतो? कंबर वाकलेली असते की पाय सरळ? शॉट सुटल्यावर तो चेंडूकडे पाहत राहतो, की आधी आपल्या माणसाला पाठीनं दाबून बॉक्स आउट करतो? या सगळ्यात त्याच्या नावावर एकही गुण लागत नाही आणि स्कोअरशीटवर काही उमटत नाही. पण टिपणवहीत सगळ्यांत जास्त लिहिलं जातं ते याच काही सेकंदांबद्दल.

गुणांचंही तसंच. शॉट किती मारले, कुठून मारले, समोर हात असताना मारले की मोकळं असताना, हे वेगवेगळं मोजतात. फ्री थ्रोची टक्केवारी तर फार बारकाईनं पाहतात. तिथे कुणी अडवत नाही, धावपळ नाही, त्यामुळे हाताची मूळ घडण उघडी पडते. फ्री थ्रो चांगला असलेला मुलगा पुढे लांबून नेम साधायला शिकेल, असा अंदाज बांधतात. सियाकाम कॉलेजात तीन गुणांचे शॉट जवळजवळ मारतच नव्हता. २०१८-१९ मध्ये तो असे साधारण ३७ टक्के शॉट घालत होता. ही मधली वर्षं रिकाम्या जिममध्ये गेलेली असतात.

अंतराचा हिशेबही डोक्यात असू द्या. आपण ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो त्यात तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे. अमेरिकेतल्या कॉलेज पुरुषांची रेषाही २०१९-२० पासून तेवढ्याच अंतरावर आहे. एनबीएत मात्र ती समोरून ७.२४ मीटर आहे. शिवाय कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा आणि एनबीएचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा.

‘ड्राफ्ट झाला, आयुष्य मार्गी लागलं’

पंजाबमधल्या बल्लो के या खेड्यातल्या सतनाम सिंगची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच, लुधियानाच्या अकादमीत घडला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं असं, की एनबीएच्या मुख्य स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. तो दुय्यम लीगमध्ये खेळला, नंतर भारतात परतला, उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यानं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नियमानं मिळत नाही. बावन्नावा क्रमांक म्हणजे दुसरी फेरी. उलट बाजूही आहे: पुढे एनबीएत चमकलेला निकोला योकिच २०१४ मध्ये एकेचाळिसावा होता आणि फ्रेड व्हॅनव्हलीटला २०१६ मध्ये कुणीच निवडलं नव्हतं. व्हॅनव्हलीट सियाकामसोबत विजेत्या रॅप्टर्स संघात होता. ड्राफ्ट ही नोकरीची मुलाखत आहे, पेन्शन नव्हे.

सतनामच्या गोष्टीतली आणखी एक बाजू पालकांनी लक्षात घ्यावी. तो कॉलेजात न खेळता थेट ड्राफ्टमध्ये उतरला, कारण अमेरिकी कॉलेजात खेळण्यासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता त्याच्याकडे नव्हती. तीन-चार वर्षं सामने खेळून पिकण्याची जी संधी ग्रीनला मिळाली, ती त्याला मिळाली नाही. ‘खेळाडूला अभ्यास कशाला’ हे आपलं लाडकं वाक्य इथे आपटतं.

‘इथे बी.ए. करतो, मग अमेरिकेत खेळायला जातो’

पुसदच्या मुलासाठी सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीत चार हंगाम खेळायला पाच वर्षांची मुदत, असा नियम आजवर चालत आला आहे. ही मुदत तुम्ही अमेरिकेत उतरलात त्या दिवसापासून मोजत नाहीत. जगात कुठेही पूर्णवेळ पदवीला प्रवेश घेतला की घड्याळ सुरू होतं. पुसदला तीन वर्षांची पदवी घेऊन गेलेल्या मुलाच्या हातात दोनच वर्षं उरतात. बारावीनंतर ‘एक-दोन वर्षं फक्त सराव करतो’ म्हणणाऱ्यालाही फटका बसू शकतो, कारण शाळा संपल्यावर एका वर्षाच्या सवलतीनंतर खेळलेल्या संघटित स्पर्धांमुळे पात्रता कमी होते. शिवाय ठरावीक विषय आणि ठरावीक गुणांची सरासरी लागते, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तपासतात. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून एजंटच्या तोंडी भरवशावर न राहता एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे स्वतः खात्री करावी.

थोडक्यात, हा निर्णय दहावीच्या सुमारास घ्यावा लागतो. ग्रेटर नोएडात २०१७ मध्ये सुरू झालेल्या एनबीए अकादमीनं शाळकरी वयातच मुलं वेचली ती त्यामुळेच. त्यातला पंजाबचा फॉरवर्ड प्रिन्सपाल सिंग २०२१ मध्ये समर लीग ही उन्हाळी स्पर्धा जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता. त्याच वाटेवरून बंगळूरची संजना रमेश अमेरिकेत नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली.

‘एनबीए नाही तर मग काहीच नाही’

हे निव्वळ खोटं. रेल्वे, सेनादल, सार्वजनिक बँका यांचे संघ खेळाडूंना नोकरी देतात आणि राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्याच जोरावर चालतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यात स्पर्धेचा दर्जा आणि कामगिरी पाहतात, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. नागपूरची सिया देवधर, पुण्याची शिरीन लिमये यांनी महाराष्ट्रातूनच भारतीय संघ गाठला. ज्याला शिकवायची आवड आहे त्याच्यासाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळ आहे, आणि विदर्भाला उंच पोरांपेक्षा चांगल्या प्रशिक्षकांची टंचाई जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आपल्या पोराला खरंच पुढे पाठवायचं असेल, तर त्याच्या डंकचे तुकडे जोडलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ बनवू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक अख्खा सामना चित्रित करा, कोर्टाच्या मधोमध उंचावर मोबाइल ठेवून, त्याच्या चुकांसकट. अनवाणी उंची आणि हातांची लांबी खरी लिहा. रोजचे फ्री थ्रो वहीत मांडा. आणि बारावीची गुणपत्रिका त्याच फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा.